आतड्याच्या पेशी आणि सरवदे मॅडम

सरवदे मॅडमना चहा दिला की त्या आधी कपात बघायच्या, मग चहा आणणाऱ्याकडे, आणि मग विचारायच्या, "कधी केलाय?" फरीदभाई म्हणायचे, "आत्ताच की बाई." त्यावर मॅडम कपाला बाहेरून बोट लावायच्या. बोट भाजलं तर चहा प्यायच्या, नाहीतर कप तसाच परत. फरीदभाई आमच्या प्रयोगशाळेत काचसामान धुणारे, वाफेवर निर्जंतुक करणारे, वयानं सगळ्यांत मोठे. त्यामुळे कुणाचीही थट्टा करायचा त्यांना परवाना होता. ते माझ्याकडे बघून म्हणायचे, "यमराज आया तो बी बाई पैले उसका आयकार्ड देखेगी." मॅडम हसायच्या नाहीत. "बघायलाच पाहिजे," म्हणायच्या. "दुसऱ्याच कुणाचं नाव असलं तर?"

ही गोष्ट नांदेडची, करोना हा शब्द घरोघरी पोचायच्या कितीतरी वर्षं आधीची. एका खाजगी संस्थेच्या मागच्या इमारतीत चिद्रवार सरांची दोन खोल्यांची प्रयोगशाळा होती. सर काही वर्षं परदेशात राहून आले होते आणि येताना एक छोटा प्रकल्प, एक जुना मायक्रोस्कोप आणि भरपूर घाई घेऊन आले होते. साध्या सर्दीचा जो करोनाविषाणू असतो, तो माणसाच्या आतड्याच्या पेशींत कसा शिरतो, हे आम्ही बघत होतो. मी आमच्या गावी, औशाला, हे सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, "सर्दी नाकाला होती रे. आतड्याचा काय संबंध?" प्रश्न अगदी रास्त होता. सरांचाही जवळपास तोच होता.

आतड्याच्या पेशी म्हणजे काही कुणाचं पोट फाडून आणलेल्या नव्हेत. फार वर्षांपूर्वी परदेशातल्या कुठल्याशा रुग्णाच्या आतड्यातल्या गाठीतून त्या काढलेल्या. तेव्हापासून त्या वाढतच राहिल्यात आणि जगभरच्या प्रयोगशाळा त्या वाटून घेतात. चपट्या बाटलीत, गुलाबी पोषणद्रव्यात, तळाला चिकटून त्या फरशीसारख्या एकमेकींना लागून वाढतात. त्यांच्यावर विषाणू सोडला की त्याच्या अंगावरचे काटे पेशीवर जागा शोधतात, तिथं चिकटतात, विषाणू आत शिरतो आणि पेशीचाच कारखाना वापरून स्वतःच्या प्रती काढतो. मग काही दिवसांत पेशी गोल होतात, तळ सोडतात आणि तरंगायला लागतात. किती उखडल्या ते मायक्रोस्कोपमधून मोजायचं, एवढं आमचं काम. सर्दीचा हा विषाणू बाटलीतल्या आतड्याच्या पेशींत शिरतो हे आधीपासून माहीत होतं. सरांना पुढचं हवं होतं. खऱ्या आतड्यात पित्त असतं. ते असताना विषाणूला शिरता येतं, की पित्त त्याला आधीच निकामी करून टाकतं?

म्हणून बाटल्यांत थोडं पित्तही घालायचं. आता पित्त हा साबणाचा भाऊ, चरबी विरघळवणारा. मग पेशी उखडल्या त्या विषाणूनं की पित्तानं, हे कसं कळणार? त्यासाठी प्रत्येक वेळी तीन बाटल्या वेगळ्या ठेवायच्या, त्यांत पित्त घालायचं पण विषाणू नाही. त्यांना आम्ही 'कंट्रोल' म्हणायचो. तिथल्या पेशी जाग्यावर राहिल्या, म्हणजे उखडलेल्या शून्य निघाल्या, तरच बाकीच्या बाटल्यांच्या आकड्यांना अर्थ. प्रत्येक नोंदीवर दोन सह्या लागायच्या. मोजणाऱ्याची म्हणजे माझी, आणि तपासणाऱ्याची म्हणजे सरवदे मॅडमची. ती मात्र प्रयोग संपून सगळी पानं ताडून झाल्यावरच.

मॅडम तेव्हा चाळिशीच्या अलीकडे होत्या. उंच, काळ्यासावळ्या, कडक इस्त्रीचा पांढरा कोट, खिशात दोन पेनं. दोन अशासाठी की बाटलीवर नंबर दोनदा टाकायचा. एक पुसला गेला तर दुसरा राहावा. कुलूप लावलं की तीनदा ओढायच्या. 'शुद्ध पाणी' असं लिहिलेल्या बाटलीचं झाकण काढून वास घ्यायच्या. त्यांची नोकरी प्रकल्पावरची, प्रकल्प असेतो पगार. पण वागणं असं की जणू प्रयोगशाळेचं दार त्यांनी सोडलं तर आख्खं नांदेड आत घुसेल.

'काही नाही' हे दोन शब्द तर त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. मी नवा होतो तेव्हा एकदा बाटली बघून म्हणालो, "मॅडम, हिच्यात काही नाही."

"काही न्हाई म्हंजे काय काय न्हाई?" त्यांनी विचारलं. "बुरशी न्हाई? जंतू न्हाई? का बगितलंच न्हाई?"

मी पुन्हा मायक्रोस्कोपला डोळे लावले. त्या मागं उभ्या राहिल्या, मी खरंच बघतोय की नुसता वाकलोय हे बघत.

अशा माणसाबद्दल मंडळी काय बोलणार? त्या सरांच्या हेर आहेत, अशी माझी खात्री होती. त्यांच्याकडे एक छोटी वही असायची, तिच्यात काहीतरी लिहायच्या आणि कुणी जवळ आलं की मिटायच्या. सरांच्या खोलीत गेल्या की दार लोटून घ्यायच्या. फरीदभाईंनी आणि मी एक खूण ठरवली होती. मॅडम येताना दिसल्या की दोनदा खोकायचं. सर्दीच्या विषाणूच्या प्रयोगशाळेत खोकणारी माणसं आम्हीच, त्यामुळे मॅडमनी एक दिवस दोघांनाही डॉक्टरकडं पाठवलं. चिठ्ठी आणल्याशिवाय आत घेतलं नाही.

रमजानमधली गंमत तर फरीदभाई अजून सांगतात. त्यांनी इफ्तारसाठी गुलाबाचं सरबत आणलं आणि थंड राहावं म्हणून प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये ठेवलं. रंग थेट आमच्या पोषणद्रव्याचा. मॅडमनी फ्रिज उघडला, बाटल्या मोजल्या, एक जास्त भरली. झालं! बाटली जप्त. तिच्यातला थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली गेला. "साखर हाय," त्यांनी निकाल दिला, "आनि जंतू लई." फरीदभाईंचा चेहरा उतरला, रोजा सुटायला थोडाच वेळ राहिलेला. मॅडम कोट काढून निघून गेल्या. मला वाटलं, गेल्या सरांकडं. पाऊण तासानं बाजारातून सरबताची नवी बाटली घेऊन आल्या आणि फरीदभाईंच्या हातात देत म्हणाल्या, "सील तुमीच फोडा. म्या हात लावला न्हाई." फरीदभाईंनी सील फोडलं. पहिला पेला मॅडमना दिला. त्यांनी त्याचाही वास घेतला, आणि मग प्यायल्या.

एके दिवशी मागच्या बाजूला मुरमानं भरलेला ट्रक उलटा येत होता. खिडक्यांची तावदानं वाजली, रॅकवरच्या बाटल्या किणकिणल्या. मी वर बघेपर्यंत मॅडम अंगणात होत्या. हातमोजे तसेच, पायात चप्पल नाही. ट्रक थांबल्यावर पुष्कळ वेळानं आत आल्या, स्टुलावर बसल्या. फरीदभाईंनी चहा पुढं केला. त्या दिवशी त्यांनी बोट न लावताच कप घेतला.

"किल्लारीकडलं गाव आमचं," त्या आपणहून म्हणाल्या. "भूकंपाच्या आदी कितीतरी महिने जमीन गुरगुरायची. उतरंडीतली भांडी वाजायची. लोक भाईर झोपायचे. मग कोन तरी शिकलेला मानूस येऊन सांगून गेला, काही न्हाई, घरात झोपा. माझ्या बापानं ऐकलं. शिकलेला मानूस व्हता न्हवं!"

त्या स्वतः तेव्हा लातूरला वसतिगृहात होत्या. गावात आई, वडील आणि धाकटी बहीण. तिघंही दगडमातीच्या भिंतींखाली गेली.

"तुम्हाला राग येत नाही त्या माणसाचा?" मी विचारलं.

"खोटं बोलला नसंल तो," त्या म्हणाल्या. "त्यानं बगितलं नसंल."

मला त्या दोनदा खोकण्याची लाज वाटली. फरीदभाईंनाही वाटली असावी, कारण त्यानंतर आम्ही दोघंही खोकलो नाही. पण माणूस लाजेपेक्षा सवयीनं जास्त चालतो, आणि माझी सवय लातूरची होती.

मी लातूरच्या शिकवण्यांचं पीक. आमच्या वेळेपासूनच गल्लीगल्लीत क्लासच्या पाट्या लागत होत्या, गुणवंतांचे फोटो चौकाचौकात टांगलेले असत, आणि धर्माबादपासून निलंग्यापर्यंतची पोरं खोल्या करून राहत होती. क्लासमध्ये आम्हाला शिकवलं होतं, आधी पर्याय बघा, मग प्रश्न. उत्तर माहीत असेल तर प्रश्न वाचण्यात वेळ घालवू नका. ह्या शिकवणीवर मी परीक्षा पास झालो, इतकंच नव्हे तर पुढं हेच इतरांना शिकवायला लागलो. नांदेडला संशोधन करत असतानाच रविवारी सकाळी लातूरच्या एका क्लासवर मी जीवशास्त्र घ्यायचो. त्यासाठी शनिवारची संध्याकाळची एसटी गाठावी लागे.

शनिवारी नोंद घ्यायची वेळ दुपारी चारची. विषाणू घातलेल्या बाटल्या सहा, कंट्रोल तीन. कंट्रोलमध्ये नेहमीच शून्य निघायचं. दर वेळी शून्य बघून बघून मी एका शनिवारी ते सकाळीच लिहून टाकलं: चार वाजता, शून्य, शून्य, शून्य. उत्तर माहीत होतं, प्रश्न कशाला वाचायचा? पुढच्या शनिवारीही तसंच केलं. आणि तिसऱ्याही.

तिसऱ्या शनिवारी घात झाला. त्या काळात भारनियमन असायचं आणि त्याचं वेळापत्रक सारखं बदलायचं. पेशी ठेवायचं कपाट जनरेटरवर होतं. मायक्रोस्कोपच्या खोलीला ते भाग्य नव्हतं. त्या दिवशी दुपारी तीनला वीज गेली ती सहाला आली. मी सहा बाटल्या भराभर मोजल्या, त्यांच्यापुढं इमानदारीत 'साडेसहा' लिहिलं आणि एसटीकडं पळालो. कंट्रोलची पानं सकाळीच भरलेली होती. त्यांवरची वेळ बदलायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

सोमवारी मॅडम नोंदवही उघडून माझ्यासमोर उभ्या होत्या.

"बिराजदार, शनवारी चार वाजता लाईट व्हती?"

"नव्हती मॅडम."

"मग चार वाजता तुला दिसलं कसं?"

त्यांनी मागची पानं उलटली.

"किती शनवार?"

"तीन."

त्यांनी वही मिटली. आता त्या थेट सरांकडं जाणार, माझी शिष्यवृत्ती गेली, औशाला वडलांना काय सांगायचं, असं सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं. पण मॅडम जागच्या हलल्या नाहीत.

"म्या जानार न्हाई," त्या म्हणाल्या. "चुगली करायची सवय न्हाई मला. तूच सांग सरला. आजच सांग."

"सांगतो मॅडम."

हेर म्हणून जिला मी वर्षभर नावं ठेवली, ती बाई असं बोलली. मी सरांच्या खोलीत गेलो. सर फोनवर होते. महिनाअखेर अहवाल गेला नाही तर प्रकल्पाला मुदतवाढ नाही, असं पलीकडून कुणीतरी बजावत होतं. फोन ठेवून त्यांनी माझ्याकडं त्रासून पाहिलं. "काय आहे?"

मी म्हणालो, "सर, मॅडमना कंट्रोलबद्दल शंका आहे."

ह्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. इतकं नेमकं वाक्य मला त्या क्षणी कसं सुचलं, याची मला आजही भीती वाटते.

सरांनी कपाळावर हात मारला. "या बाईला कशाबद्दल शंका नाही?" मग मॅडमना नोंदवही घेऊन बोलावलं. त्या दिवशी दार उघडंच होतं, मी बाहेर उभा होतो.

"सही का करत नाही?"

"बगितलेलं न्हाई त्याच्यावर सही न्हाई करनार."

"तुमच्या मनात आलं म्हणून? कारण काय, ते सांगा ना."

मॅडम गप्प. त्यांना वाटत होतं की कारण मी आत्ताच सांगून आलोय, आणि सर मुद्दाम आपल्या तोंडून वदवून घेतायत. मीही गप्प. दोन पावलं टाकून आत जायचं होतं फक्त. ती माझ्यानं टाकवली नाहीत.

दुसऱ्या सहीशिवाय अहवाल पाठवता येत नव्हता, म्हणून प्रयोग पुन्हा करावा लागला. गोठवलेल्या साठ्यातून नव्या पेशी काढा, वाढवा, पित्त घाला, विषाणू घाला. त्यात सात आठवडे गेले. या वेळी प्रत्येक कंट्रोल मी मोजला, मग मॅडमनी मोजला, आणि दोघांनी एकमेकांचा आकडा न बघता वेगवेगळ्या कागदांवर लिहिला. शून्य. सगळ्या बाटल्यांत शून्य. पित्तानं पेशी उखडत नव्हत्या. पित्त असतानाही विषाणू आत शिरत होता. आधीचाच निकाल तंतोतंत खरा ठरला. मला चेव आला.

"बघा मॅडम, शून्यच होतं ना?"

"हाव. व्हतं."

"मग?"

"पर तुला कुठं म्हाईत व्हतं?" त्या म्हणाल्या आणि बाटल्या आवरायला लागल्या.

अहवाल उशिरा गेला. मुदतवाढ मिळाली नाही. प्रकल्प संपला आणि त्याबरोबर मॅडमची नोकरी. सर भेटेल त्याला सांगत, "संशयानं प्रकल्प बुडवला." पुढं मॅडमनी जिथं जिथं अर्ज केले, तिथून सरांना फोन यायचे, आणि सर एकच सांगायचे, बाई हुशार आहेत, पण संशयखोर, काम पुढं जाऊ देत नाहीत. त्यांना कुणीच घेतलं नाही.

शेवटच्या दिवशी त्यांनी फरीदभाईंसमोर चाव्या मोजून दिल्या. मग माझ्याकडं आल्या.

"त्या दिशी सांगितलंस न्हवं सरला?"

"हो मॅडम," मी म्हणालो.

त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. मला ओळखत होत्या तेवढ्या काळात हे एकदाच घडलं.

सर हैदराबादला गेले. मी संशोधन सोडून लातूरला आलो, पूर्ण वेळ शिकवायला लागलो आणि बघता बघता 'बिराजदार सर' झालो. चौकातल्या फलकावर गुणवंतांच्या वर माझा फोटो आला. क्लास भरभरून वाहत होता. मग साथ आली, क्लास बंद पडले आणि मी मोबाइलसमोर बसून शिकवायला लागलो. एका तासाला एका मुलीनं विचारलं, "सर, हा विषाणू पोटात पण जातो का?" मी सांगितलं, जातो, आतड्याच्या पेशींवरही त्याला चिकटायला जागा असते. बाटलीतल्या पेशी, गुलाबी द्रव्य, पित्त, सगळं रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "सर, तुम्ही स्वतः बघितलंय?" मला पुढं शिकवता येईना. नेटवर्क गेलं असं सांगून मी तास संपवला.

फरीदभाईंना फोन केला. ते थकले होते, पण आवाज तोच. म्हणाले, "बाई रेणापूरकू है. दूध डेअरीमे."

निर्बंध उठल्यावर मी गेलो. दूध संकलन केंद्राच्या ओट्यावर मॅडम उभ्या होत्या. केस पांढरे झालेले, तोंडाला दुहेरी मास्क. समोर कॅन घेऊन शेतकऱ्यांची रांग. त्या प्रत्येक कॅनमध्ये पाणी ओळखायची काचेची नळी सोडत होत्या आणि आकडा स्थिर होईपर्यंत कुणाचं ऐकत नव्हत्या. एक जण म्हणाला, "काही न्हाई ओ बाई त्यात." त्याच्याकडं मॅडमनी ज्या नजरेनं बघितलं, ती मी ओळखली.

रांग संपल्यावर मी मास्क खाली केला. त्यांनी ओळखलं. "मास्क वर घे," म्हणाल्या.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. सरांना मी काय म्हणालो, काय म्हणालो नाही. शेवटच्या दिवशी खोटं बोललो ते. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "खरं सांगायलास, का तुला बरं वाटावं म्हनून?"

"दोन्ही असेल मॅडम."

त्या ओट्यावर बसल्या. "म्हंजे सरला म्हाईतच न्हाई?" "म्या समजत व्हते, त्यान्ला सगळं म्हाईत हाय. म्हाईत असून त्यांनी मलाच काढलं. इतकी सालं म्या त्या मानसाला शिव्या देऊन राहिले."

मला रडू आलं. त्यांना नाही. त्यांनी आतून कागद आणि पेन आणलं. "लिहून दे. सरच्या नावानं."

मी लिहिलं. सगळं लिहिलं, तिन्ही शनिवार. खाली सही केली आणि त्या सोमवारची तारीख घालायला लागलो, तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"तवा कुठं लिहिलंस? आजची घाल."

आजची घातली. त्यांनी कागद दोनदा वाचला, पाकिटात घातला, सरांचा हैदराबादचा पत्ता माझ्याकडून वदवून स्वतःच्या हातानं लिहिला आणि मोबाइलमध्ये तो पुन्हा पडताळायला लावला. मी पाकिटासाठी हात पुढं केला.

"द्या, मी टाकतो पोस्टात. वाटेतच आहे."

"नको," सरवदे मॅडम केंद्राला कुलूप लावत म्हणाल्या. "मागं बी तूच सांगनार व्हतास."

आणि पाकीट हातात घट्ट धरून त्या भर उन्हात पोस्टाच्या दिशेनं चालायला लागल्या.